कालचा आकडा सांग आधी

माझे बाबा ३२ वर्षं कोळशाच्या खाणीत होते, त्यातली शेवटची १९ वर्षं मायनिंग सरदार. छत तपासून ‘जा’ म्हणणारा आणि ‘निघा’ म्हणणारा माणूस. मी त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, पण दुसऱ्या एका भूमिगत खाणीत, स्ट्रॅटा कंट्रोलचं काम करते. खडकावरचा ताण कुठे वाढतोय, छत किती खाली येतंय, कोणता पिलर, म्हणजे कोळशाचाच सोडलेला खांब, किती भार घेतोय, हे मोजायचं, रजिस्टरात लिहायचं, त्याचा आलेख काढायचा आणि वेळेवर तोंड उघडायचं, एवढं माझं काम.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी घरी येऊन मोठ्या हौसेने सांगितलं, “बाबा, आज एका जागी ४ मिलिमीटर कन्व्हर्जन्स आलं.” छत आणि जमीन जेवढी जवळ येतात, ते कन्व्हर्जन्स. बाबा जेवत होते. त्यांनी विचारलं, “अन् काल किती होतं?” मला माहीत नव्हतं. काल मी दुसऱ्या पॅनेलमध्ये, म्हणजे खाणीच्या दुसऱ्या भागात, होते.

“मंग आजच्या आकड्याचं का लोणचं घालशीन? कालचा आकडा सांग आधी.”

तेव्हा मला राग आला होता. नागपुरातून मायनिंगची डिग्री घेऊन आलेली मी, आणि बाबांना कन्व्हर्जन्स हा शब्दसुद्धा नीट म्हणता येत नव्हता. पण गेल्या काही वर्षांत या कामातलं जे काही मला खरोखर कळलं आहे, ते त्या एका वाक्याच्या आसपासच आहे.

बाबांकडे यंत्र नव्हतं. एक काठी होती, तिच्या टोकाला लोखंडी टोपण. डावा तळवा छताला लावायचा आणि उजव्या हाताने काठी ठोकायची. दगड एकसंध असेल तर टणक, खणखणीत आवाज येतो. वरचा थर सुटला असेल तर भद्द आवाज येतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळव्याला थरथर जाणवते. कान फसतो, तळवा फसत नाही, असं ते म्हणायचे. शिवाय लाकडी बल्ल्या. छताखाली उभ्या केलेल्या सालाच्या बल्लीवर भार आला की ती आधी कुरकुरते, मग तिच्या चिंध्या निघायला लागतात. माणसाला पळायला वेळ मिळतो. लोखंडी प्रॉप जास्त भार घेतो, पण तो बोलत नाही. बाबांच्या पिढीतल्या कितीतरी लोकांना लोखंडी प्रॉप आवडत नव्हते. ते अडाणीपणामुळे नव्हतं. त्यांच्या दृष्टीने बल्ली हा आधार तर होताच, पण ते मोजायचं साधनही होतं.

आता थोडा हिशोब, कारण तो केल्याशिवाय खाली काय चाललंय ते कळत नाही. आमच्या भागातल्या दगडाच्या वजनाने दर मीटर खोलीमागे साधारण ०.०२५ मेगापास्कल दाब वाढतो. २०० मीटर खोलीवर तो ५ मेगापास्कल होतो, म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे ५०० टन. खाण खणायच्या आधी हा भार सगळीकडे सारखा पसरलेला असतो. आपण गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढल्या की मधला कोळसा गेला, पण वरचं ओझं कुठेच गेलं नाही. ते उरलेल्या खांबांवर आलं. २०० मीटर खोली आणि ४.२ मीटर रुंदीची गॅलरी असेल, तर जुन्या नियमावलीतल्या तक्त्याप्रमाणे पिलर मध्यापासून मध्यापर्यंत ३० मीटरचे ठेवायचे. म्हणजे प्रत्यक्षात उभा राहतो २५.८ मीटरचा चौकोनी खांब, आणि तो ३० मीटरच्या चौकोनाचं ओझं पेलतो. गुणाकार केला की ५ चे पावणेसात मेगापास्कल होतात. हे झालं शांत अवस्थेतलं. नंतर आपण त्या खांबांनाच हात घालतो.

खांब काढण्याच्या कामाला डिपिलरिंग म्हणतात. पिलर मधोमध चिरायचा, त्याचे तुकडे करायचे, एकेक तुकडा काढत मागे सरकायचं. मागे जी मोकळी जागा राहते तिला गोफ म्हणतात. लहानपणी मी हा शब्द ऐकला की मला शाळेतल्या गॅदरिंगमधला रंगीत दोऱ्यांचा गोफ आठवायचा. बाबा म्हणायचे, “गोफ पडला,” आणि मला वाटायचं दोऱ्या सुटल्या. गोफ पडणं म्हणजे त्या मोकळ्या जागेवरचं छत कोसळणं. आणि ते कोसळायलाच हवं असतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. छत थोडंथोडं, नियमाने पडत गेलं तर त्याचं ओझं जमिनीवर उतरतं आणि पुढच्या पिलरांना सुटका मिळते. आमच्याकडे कोळशाच्या वर वाळूच्या दगडाचे जाड, एकसंध थर आहेत. ते पडत नाहीत. लटकून राहतात. दोन, तीन, चार हजार चौरस मीटरचं छत कशाच्याही आधाराशिवाय नुसतं पुढे आलेलं असतं आणि त्याचं सगळं ओझं काम चालू असलेल्या रांगेवर रेललेलं असतं. ते एकदम पडलं तर त्याखालची हवा गॅलऱ्यांमधून वाऱ्याच्या भिंतीसारखी धावत येते. माणसं दगडाखाली सापडली नाहीत तरी त्या हवेने उचलून आपटली जातात. छत पडलं म्हणून नव्हे, छत पडलं नाही म्हणून झोप न लागणं, हे माझ्या कामाचं स्वरूप आहे.

म्हणून मोजायचं. सगळ्यात साधं साधन कन्व्हर्जन्स रॉड. छतात एक खुंटी, जमिनीत एक खुंटी, मध्ये एकात एक सरकणारी पोलादी दांडी, तिच्यावर खुणा. दोन खुंट्यांमधलं अंतर कमी होत गेलं की छत आणि जमीन जवळ येत आहेत. त्यानंतर टेल-टेल. छतात उभं भोक पाडायचं, आत उंचावर एक नांगर अडकवायचा आणि त्याला जोडलेली खूणपट्टी भोकाच्या तोंडाशी लोंबत ठेवायची: हिरवा, पिवळा, लाल. मला यातलं दुहेरी टेल-टेल फार आवडतं. त्यात दोन नांगर असतात, एक छताचे थर बांधून ठेवणाऱ्या रूफ बोल्टच्या उंचीत आणि एक त्याच्या बराच वर. त्यामुळे छत नुसतं हललं एवढंच कळत नाही, तर बोल्टने बांधलेल्या थरात फट पडली की बोल्टसकट सगळा थरच वरून सुटायला लागलाय, हेही कळतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात आणखी बोल्ट मारता येतात. दुसऱ्यात बहुतेक वेळा माणसं मागे घ्यायची असतात. आणि हे कुणालाही, न शिकलेल्या माणसालाही, टोपीच्या दिव्यात नुसत्या रंगावरून दिसतं.

पिलरच्या पोटातला ताण मोजायला स्ट्रेस सेल. पिलरमध्ये मध्यावर आडवं भोक पाडून चार-पाच मीटर आत एक पोलादी नळकांडं पाचरीने घट्ट बसवायचं. त्याच्या आत एक बारीक तार ताणलेली असते. केबलमधून विजेचा छोटासा ठोका दिला की ती झंकारते आणि तिच्या कंपनांचा आकडा बाहेर यंत्रावर येतो. नळकांडं दाबलं गेलं की तारेचा ताण बदलतो, ताण बदलला की सूर बदलतो. तंबोऱ्याची खुंटी पिळल्यावर होतं तेच. सूर किती हलला त्यावरून पिलरवरचा दाब किती वाढला ते काढायचं.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मलाही ती कॉलेजात असताना नीट उमगली नव्हती. हा सेल पिलरमध्ये एकूण किती ताण आहे ते सांगतच नाही. बसवला त्या दिवशी जे होतं ते शून्य धरून, त्यानंतर किती बदल झाला तेवढं सांगतो, आणि तेही ज्या दिशेला तो बसवलाय त्याच दिशेतलं. मुळातला ताण मोजायला हायड्रोफ्रॅक्चर किंवा ओव्हरकोअरिंगसारख्या वेगळ्या पद्धती आहेत. एकीत भोकात पाण्याचा दाब देऊन खडकाला तडा पाडतात. दुसरीत मोजमाप बसवलेला गाभा भोवतीच्या खडकातून सोडवून घेतात आणि तो मोकळा झाल्यावर किती फुगला ते पाहतात. त्या वर्षातून कधीतरी होतात, कुठेतरी होतात. रोजच्या कामात आपल्या हातात असतो तो फक्त फरक. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नसतो. बाबांनी जेवताजेवता हेच सांगितलं होतं.

मागच्या डिपिलरिंग पॅनेलमधली गोष्ट आहे. आमच्या पहिल्या पाळीत मी आणि एक सर्व्हेअर मिळून सगळी ठिकाणं मोजायचो. तेव्हा संध्याकाळी ७ नंतर मला खाली राहता येत नव्हतं. २०१९ पर्यंत तर बाईला भूमिगत खाणीत नोकरीच करता येत नव्हती, १९५२ च्या खाण कायद्याचं ४६ वं कलम आड यायचं. त्या वर्षापासून तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर जाता यायला लागलं, पण तेव्हा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत. तेव्हा रात्रपाळीचं मोजमाप दुसरं कुणीतरी करणार आणि सकाळी मी त्यांच्या अक्षरावर विसंबून राहणार. माझ्या रजिस्टरातला प्रत्येक तिसरा रकाना माझा नव्हता.

त्या पॅनेलमध्ये गोफ बरेच दिवस लटकला होता. छोटे तुकडे पडत होते, मोठा फॉल होत नव्हता. गोफच्या सगळ्यात जवळच्या पिलरमध्ये एस-३ नावाचा सेल होता. तो रोज थोडाथोडा चढत होता: १.४, १.७, २.१, २.९. मग एका सकाळी मी यंत्र लावलं आणि आकडा आला १.६.

ओव्हरमन साहेब बाजूलाच उभे होते. “चला, उतरला दबाव,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर बरं वाटल्याचं दिसत होतं. गेले १० दिवस त्यांच्यावर उत्पादनाचाही ताण होता आणि आमच्या आकड्यांचाही.

पण पिलरवरचा आकडा दोन कारणांनी उतरतो. एक, गोफ पडला आणि ओझं खरंच कमी झालं. गोफ तर पडला नव्हता. दुसरं कारण असं, की पिलरचा तो भाग आपली ताकद संपवून बसलाय. कोळसा एका मर्यादेपर्यंत भार घेत जातो, त्यानंतर आतून फुटतो आणि भार सोडून देतो. त्याने सोडलेला भार हवेत जात नाही. तो शेजाऱ्याकडे जातो. चढता आकडा पाहून सगळे घाबरतात, उतरता पाहून हायसं वाटतं, आणि खरा धोका अनेकदा उतरत्या आकड्यातच असतो.

मी शेजारच्या पिलरच्या सेलकडे गेले. तो चढला होता, आणि नेहमीच्या चालीने नाही. दोघांच्या मधल्या गॅलरीत कन्व्हर्जन्स एका दिवसात जेवढं वाढायचं त्याच्या तिप्पट वाढलं होतं. आता एकच प्रश्न उरला: एस-३ उतरला कधी? काल दुपारनंतर हळूहळू, की आत्ता गेल्या दोन-तीन तासांत झपकन? पहिलं असेल तर विचार करायला थोडा वेळ होता. दुसरं असेल तर नव्हता. उत्तर रात्रपाळीच्या रकान्यात असायला हवं होतं. मी रजिस्टर उघडलं. रात्रीचा आकडा होता २.९. दशांशापर्यंत तोच, जो मी आदल्या दिवशी लिहिला होता. खाली कन्व्हर्जन्सचे आकडे पाहिले, तेही सगळे तेच. सगळ्या ठिकाणी छत आठ तासांत अर्धा मिलिमीटरसुद्धा हललेलं नव्हतं. कुणीतरी वरचे आकडे खाली उतरवले होते.

त्या क्षणी माझ्या हातातली सगळ्यात मोलाची गोष्ट गेली. यंत्र चांगलं होतं, सेल चांगला होता, गणित मला येत होतं. पण मधला एक आकडा खोटा होता, आणि एक खोटा आकडा त्याच्या दोन्ही बाजूंच्या खऱ्या आकड्यांनाही मुकं करतो. तिथे नुसती रेघ असती तर मला कळलं असतं की इथे अंधार आहे. तिथे २.९ लिहिलं होतं म्हणून मला क्षणभर उजेड वाटला.

मी अंडर मॅनेजर साहेबांना फोन लावला. वाईटातलं वाईट धरून चालू या, असं मी म्हणाले. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत, माणसं आणि एलएचडी, म्हणजे कोळसा उचलून नेणाऱ्या गाड्या, मागे घेतल्या. या आधी त्याच पॅनेलमध्ये मी दोनदा माणसं मागे घ्यायला लावली होती आणि दोन्ही वेळा काहीच पडलं नव्हतं. लोक चिडले होते, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. पाळी फुकट गेली की इन्सेंटिव्ह जातो. त्या दिवशीही दुपारपर्यंत काही झालं नाही. मी वर येऊन ऑफिसात आलेख काढत बसले होते. तीन वाजून गेल्यावर जमीन एकदाच, खालून कुणी टाच मारावी तशी हलली. मग फोन वाजायला लागले. मोठा फॉल झाला होता. हवेने दोन स्टॉपिंग, म्हणजे वारा अडवायला बांधलेल्या भिंती, उडवले होते आणि जिथे सकाळी आम्ही उभे होतो तिथे कोळशाच्या भुकटीचा घोटाभर थर बसला होता. माणूस कुणीच नव्हता.

रात्रपाळीच्या त्या काकांशी मी दोन दिवसांनी बोलले. मनात फार राग घेऊन गेले होते. ते म्हणाले, “मॅडम, यंत्राची बॅटरी संपली होती. अन् रॉडच्या जागी गोफ इतका खडखडत होता, का माझी तिथं जायची हिंमत नाही झाली.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “रकाना रिकामा ठेवला तर साहेब बोलतात.” त्यांनी सांगितलेला तो खडखडाट, ती भीती, हीच त्या रात्रीची खरी नोंद होती. ‘रात्री २ वाजता गोफ सतत बोलत होता, जवळ जाता आलं नाही’ एवढं वाक्य रजिस्टरात असतं तर मला सकाळी आणखी काही मोजायची गरज पडली नसती. त्यांना १६ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं की हे आकडे पुढे कुठे जातात. मी त्यांना आलेख दाखवला, चढत गेलेली रेघ, उतरलेली रेघ आणि मधला त्यांचा सपाट तुकडा. ते बराच वेळ पाहत राहिले. त्यानंतर त्यांच्या पाळीत दोनदा ‘बॅटरी नाही, मोजलं नाही’ असं लिहिलेलं आलं आहे. ते पान मी जपून ठेवलं आहे. आणि रिकाम्या रकान्यावरून कुणी बोलणार नाही, असं मी आमच्या साहेबांकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं.

नको असलेला आकडा बाजूला टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधले लिओनार्ड ओबर्ट १९३० च्या दशकाच्या शेवटी ओक्लाहोमातल्या शिसं-जस्ताच्या खाणीत एक प्रयोग करत होते. पिलरमधून ध्वनिलहर पाठवायची, तिचा वेग मोजायचा, वेगावरून ताण काढायचा, अशी कल्पना होती. पण यंत्रावर मधूनमधून भलतेच संकेत यायला लागले, त्यांनी पाठवलेले नसलेले. साहजिकच यंत्रात दोष असेल असं वाटलं. दोष शोधूनही सापडेना. शेवटी कळलं की आवाज पिलर स्वतःच करतोय: ताणाखाली त्याच्यात बारीक तडे जात आहेत आणि प्रत्येक तडा एक छोटीशी लहर सोडतोय. ओबर्ट आणि त्यांचे सहकारी विल्बर डुव्हॉल यांनी पुढे त्याच आवाजांचा अभ्यास केला. आज जगभर खोल खाणींमध्ये जे मायक्रोसाइझ्मिक मॉनिटरिंग चालतं त्याचं मूळ तिथे आहे. बाबा त्याला ‘छत बोलून राह्यली’ म्हणतात.

आवाज ऐकायला जिओफोन लावतात. पण एक जिओफोन फक्त ‘काहीतरी झालं’ एवढंच सांगतो. कुठे झालं ते कळायला निदान चार-पाच हवेत, वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या उंचीवर, आणि सगळ्यांचं घड्याळ एक. वाळूच्या दगडात लहर सेकंदाला साधारण ३ किलोमीटर जाते असं धरलं, तर ३० मीटरच्या फरकाला १० मिलिसेकंद लागतात. कुणाकडे लहर आधी पोचली, कुणाकडे नंतर, त्यावरून तडा कुठे गेला ते काढायचं. शेजारचा आकडा नसेल तर इथेही काही हाती लागत नाही. कोळशाच्या खाणीत ही यंत्रणा बसवणं सोनं-तांब्याच्या खाणीपेक्षा अवघड जातं. आमच्याकडे गॅस असतो, त्यामुळे ठिणगी न पाडणारी, मान्यताप्राप्त उपकरणंच खाली न्यावी लागतात. कोळसा लहर गिळतो. कन्व्हेअर, ड्रिल, ब्लास्टिंग यांचा गोंगाट वेगळा. तरीही मध्य प्रदेशातल्या सोहागपूर कोळसाक्षेत्रात, राजेंद्र खाणीच्या लाँगवॉलवर, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ रॉक मेकॅनिक्सने ते करून दाखवलं आहे. आमच्या खाणीत अजून ते नाही. मी दर वर्षी मागणी लिहून पाठवते आणि यंदाही पाठवली आहे.

हे सगळं आपल्या देशात जिथे सगळ्यात आधी सुरू झालं त्या कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींवर मी शिकत असताना गेले होते. खाणी बंद होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. २००१ च्या फेब्रुवारीत त्या बंद झाल्या. चॅम्पियन रीफची खोली ३ किलोमीटरच्या वर गेलेली, तळाशी खडकाचं तापमान ६० अंशांच्या पुढे. तिथला खडक आमच्या कोळशासारखा हळूहळू बसत नाही. तो ताण साठवत राहतो आणि एकदम फुटतो. रॉकबर्स्ट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे त्यांच्या नोंदी आहेत, आणि मोठे बर्स्ट वरच्या वस्तीतल्या भिंतींना तडे पाडायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथे भूकंपमापक बसवला गेला, आणि १९७८ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने जिओफोनचं जाळं उभं राहिलं. ट्रॉम्बेच्या लोकांनी कोलारच्या खडकाला कान लावला, याचं मला मराठी माणूस म्हणून फार अप्रूप वाटलं. त्याच खाणीत, २ किलोमीटरहून जास्त खोलीवर, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांची नोंद केली होती. तिथल्या एका निवृत्त तंत्रज्ञांनी मला जुन्या कागदी नोंदी कशा वाचायच्या ते शिकवलं. मी त्यांना विचारलं, खाण बंद झाल्यावर खडक शांत झाला असेल ना? नाही, ते म्हणाले. पंप बंद झाले, पाणी चढत गेलं, आणि खडक पुन्हा नव्याने सरकायला लागला. माणसं निघून गेल्यावरही जिओफोन चालू ठेवावे लागले.

आणि कोलब्रुक. दक्षिण आफ्रिकेतली कोळशाची खाण, २१ जानेवारी १९६०. ४३५ माणसं. शेकडो पिलर एकामागून एक बसत गेले, एकाने टाकलेलं ओझं दुसऱ्याने घ्यायचं, त्याने तिसऱ्यावर टाकायचं. मृतदेह बाहेर काढताच आले नाहीत. त्याच्या साधारण तीन आठवडे आधी त्याच खाणीत एक भाग बसला होता. एस-३ चा आकडा उतरलेला पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात हेच नाव आलं होतं. या दुर्घटनेनंतर सालामन आणि मन्रो यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या खऱ्या पिलरांची माहिती गोळा केली, ९८ ठिकाणचे उभे राहिलेले आणि २७ ठिकाणचे कोसळलेले, आणि १९६७ मध्ये पिलरच्या ताकदीचं सूत्र मांडलं. आपल्याकडे धनबादच्या खाण संशोधन संस्थेचं वेगळं सूत्र वापरतात, ते आपल्या कोळशाला जास्त जुळतं. मी ते सूत्र जवळजवळ रोज वापरते. ते वापरताना सालामन-मन्रोंचे ते कोसळलेले २७ मला दर वेळी जाणवतात.

मागच्या महिन्यात आमचं नवीन पॅनेल सुरू झालं. काम सुरू व्हायच्या आधी सेल बसवले, टेल-टेल लावले, खुंट्या ठोकल्या. रात्रपाळीचे काका स्वतःहून पहिल्या पाळीला थांबले होते, सेल कसा बसवतात ते पाहायला. पाचर घट्ट झाल्यावर यंत्रावरचा पहिला आकडा त्यांनीच मोठ्याने वाचला आणि मी लिहिला. नवीन रजिस्टर, पहिलं पान. तारखेसमोर सगळ्या ठिकाणांचे मूळ आकडे आणि फरकाच्या रकान्यात ओळीने शून्य.

घरी गेल्यावर बाबांनी विचारलं, “आज किती?”

“शून्य,” मी म्हणाले. “कालचा नाही. आजच सुरू केलं.”

“बरं,” ते म्हणाले. “मंग उद्या सांग.”